एका कागदावर एकच माप

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार, दुपार

प्रिय उत्कर्षा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, अप्पाही बरे आहेत. फोन करायचा सोडून पत्र का लिहिलं ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस. लहानपणापासून तुला गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची खोड आहे, आणि मी जन्मभर बालवाडीची बाई असूनही ती मला मोडता आली नाही.

येत्या रविवारी तू गाडी घेऊन मला पुण्याला न्यायला येणार. तळमजल्यावरचं घर घेतलंस, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेस. लेक असावी तर अशी, असं शेजारच्या मथुराबाई सगळ्या बोळाला सांगत सुटल्यात. पण त्याआधी इथं गेल्या चार महिन्यांत काय काय घडलं ते तुला कळायला हवं. अप्पा तुझ्याशी बोलत नाहीत, आणि मी फोन घेतला की ते हातभर अंतरावर काहीतरी निवडत बसलेले असतात, त्यामुळे माझंही बोलणं 'बरं चाललंय'च्या पुढं जात नाही.

एप्रिलमधला तो दिवस तू विसरली नसशील. जानेवारीत माझा डावा हात आणि पाय लुळा पडला. तू महिनाभर रजा काढलीस, मला उठवलंस, बसवलंस, चालवलंस. तू गेल्यावर स्वयंपाकाला ठेवलेली बाई तीन आठवड्यांत सोडून गेली. भाकरी थापायला दोन हात लागतात आणि माझ्याकडं चालता एकच. मग खानावळीचा डबा सुरू झाला. डॉक्टरांनी मीठ-तेल अगदी बेताचं सांगितलेलं, आणि डब्यातल्या आमटीवर बोटभर तेलाचा लाल कट. महिन्याभरात माझं प्रेशर एकशे ऐंशीवर गेलं. मग तुझा अप्पांना फोन आला, की घराचा ताबा ऑगस्टमध्ये मिळतोय, मिळाला की आईला मी कायमची नेते, तुमच्याकडून तिचं पथ्य होणार नाही. अप्पा तुला एक शब्द बोलले नाहीत. फोन माझ्या हातात दिला आणि दारात जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "पोरीला वाटतंय बापाच्यानं व्हत न्हाय." तेव्हापासूनचा हा अबोला. मी मध्ये पडायला गेले की म्हणायचे, "ऑगस्टात न्हेणार न्हवं? तवर बघू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अप्पा चष्मा लावून पुस्तक घेऊन बसलेले. तू त्या बाईसाठी ठेवून गेलेलं ते जाडजूड चित्रांचं पुस्तक. बाईनं त्याचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. टीव्हीखाली पडून होतं. मला वाटायचं त्यात पाककृती असतील. पण त्यात आधी हात कसा चालवायचा ते आहे. सुरी कशी धरायची, भाजी वाफेवर कशी शिजवायची, चमचाभर तेलात फोडणी कशी बसवायची, कडधान्याला मोड कसे आणायचे. रोजच्या रोज लागणाऱ्या साध्या गोष्टी, आणि प्रत्येकीची पाच-सहा चित्रं.

अप्पांची शाळा सांगोल्याला चौथीपर्यंत. अक्षर लावत वाचतात, ओठ हलवत. पण चित्र म्हटलं की त्यांच्याशी गाठ आहे. चौतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात त्यांनी जेकार्डची कार्डं पंच केली. तुला ठाऊकच आहे, तरी सांगते, कारण हे सगळं त्यावरच उभं आहे. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर येतो. त्या चौकटी मोजून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि मग माग त्या भोकांबरहुकूम धागा उचलतो. एक भोक चुकलं की मोराची मान तुटते, आणि ती पाचशे चादरींवर तुटते. वाया गेलेली कार्डं ते घरी आणायचे आणि तू ती डोळ्यांना लावून गच्चीवर उन्हात फिरायचीस, जिन्यात एकदा धडपडलीससुद्धा. तर असा हा माणूस. छापलेलं चित्र म्हणजे त्यांच्या लेखी हुकूम.

पहिल्या दिवशी मटकीची उसळ करायची ठरली. पानावर डावीकडं कढई होती आणि उजवीकडं तेलाचा चमचा. तेल किती घ्यायचं ते नीट दिसावं म्हणून चित्रकारानं चमचा जवळून, मोठा काढलेला. अप्पांनी पट्टी आणली. कढई चार इंच भरली, चमचा तीन इंच. आपली कढई फूटभराची. म्हणजे चमचा नऊ इंचांचा पाहिजे. नऊ इंचांचं घरात काय आहे? पळी! पळीभर तेल ओतून माझ्या पुढ्यात उसळ आणून ठेवली, ती तेलात तरंगत होती. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "चित्रात तसंच हाय." मी समजावलं की तो चमचा जवळून काढलाय. ते ऐकेनात. "एका कागदावर दोन मापं कशी असतील? आमच्या कारखान्यात कुणी असं काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता." त्यात चूक कुणाची, सांग बरं! त्याच न्यायानं दुसऱ्या दिवशी कोबी. चित्रात सुरी वीतभर आणि तिच्याशेजारी कोबीचा गड्डा लिंबाएवढा. मंडईत तासभर फिरून रिकामी पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "एवढा बारका गड्डा सोलापुरात मिळत न्हाय." उत्कू, मी इतकी हसले, इतकी हसले, की जानेवारीपासून वाकडी झालेली ओठाची डावी कड त्या दिवशी थोडी तरी वर गेली असणार.

दुसऱ्या कुणी पुस्तक फेकून दिलं असतं. माझा तर अंदाज होता की आता परत डबा लागणार. पण अप्पांनी दोन दिवस ते पुस्तक नुसतं चाळलं. मग माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाले, "अक्षर तू वाच. चित्र मी लावतो." मी मजकूर मोठ्यानं वाचायची, आणि ते शिसपेन्सिलीनं प्रत्येक चित्राशेजारी खरं माप लिहायचे. इथं 'चहाचा चमचा', तिथं 'गड्डा पाव किलोचा', एका ठिकाणी 'हे बोट बाईचं, आपलं जाड, मीठ कमी घे'. सगळं पुस्तक असं दुरुस्त करायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं लग्नानंतरच्या पहिल्या नऊ वर्षांतही बोललो नसू.

आणि एकदा माप हाताला आल्यावर मग काय विचारतेस! दोडका, दुधी, शेपू, सगळं झाकणावर पाणी ठेवून वाफेवर. भाजी आपल्याच पाण्यात शिजते, तेल लागतच नाही, हे मला चाळीस वर्षं स्वयंपाक करून ठाऊक होतं, पण मी केलं कधी? सवयीनं हात तेलाच्या बुधलीकडंच जायचा. फोडणी ते शेवटी करतात, एक चमचा, आणि भाजीवर वरून ओततात, म्हणजे वास वर राहतो. मीठही शेवटी. ते का, हे त्यांनीच मला शिकवलं, "मीठ आधी घातलं तर ते भाजी खाती. शेवटी घातलं तर आपण खातो." गवारीच्या शेंगा पट्टीनं मोजून सव्वा इंचाच्या. मी चेष्टा केली तर म्हणाले, सारख्या असल्या तर सारख्या शिजतात. खरंच शिजतात. मटकीला मोड आणायचं फडकं त्यांनी मागावरच्या गाठीनं बांधलं, मथुराबाईंनी सोडवायला घेतलं आणि शेवटी कात्री मागितली. भाकरीनं मात्र पंधरा दिवस रडवलं. कडा फाटायच्या. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, पण ते त्यांना कुठून कळणार? पुस्तकात तेही निघालं, अशा पिठाला उकळतं पाणी घ्यावं. थापायची सहा चित्रं आहेत. अप्पा पीठ न घेताच ओट्यापाशी उभे राहून हवेत हात फिरवायचे, एक चित्र, दुसरं चित्र, तिसरं. बघणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आता त्यांची भाकरी पातळ होते, टम्म फुगते आणि माझ्यापेक्षा चांगली होते. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

एक गोष्ट मनात राहून राहून येते, ती तुलाच सांगते. अडतीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. ते कारखान्यात जायचे, यायचे, ताटावर बसायचे, झोपायचे. मला वाटायचं, भोकं तर पाडायची, त्यात काय एवढं. आता ओट्यापाशी त्यांची पाठ बघते. मान जराशी डावीकडं झुकलेली, हात शांत, ओठ मिटलेले, बाहेर काहीही होवो, नजर हलत नाही. हे असे चौतीस वर्षं तिथं बसत असणार. मी खुर्चीत बसून बघत राहते, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटतो. या वयात नवऱ्याच्या प्रेमात पडणं शोभत नाही, पण आता पडलेच आहे तर काय करू.

माझं मात्र सगळं चोख होतं असं समजू नकोस. जूनमध्ये मला शेंगाचटणीची अशी काही तलफ आली, की अप्पा मंडईला गेलेले बघून मी मथुराबाईंकडून वाटीभर मागवली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, खारट. बोटानं चाटून संपवली. संध्याकाळी प्रेशर मोजलं तर काटा वर. अप्पांनी काही विचारलं नाही. पण वाटी मी धुवायची विसरले होते आणि ती त्यांच्या हाताला लागली. मी बोलणी खायची तयारी करून बसले. ते नुसतं म्हणाले, "मला सांगायचं की." आणि पुढचे तीन दिवस उखळ सोडलं नाही. मीठ चौथाई, लसूण दुप्पट, भाजलेले तीळ, वरून लिंबू. पहिली फसली, दुसरी फसली. तिसरी मी खाल्ली आणि गप्प बसले, कारण बोलायला तोंड रिकामं नव्हतं. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर माझं मन इतकं खात बसलं नसतं.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. प्रेशर एकशे अठ्ठावीस, डाव्या हाताची पकड सुधारलेली. डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? मी अप्पांकडं बोट केलं. अप्पांनी खिशातून चौकटीचा कागद काढला. आठवडाभराचं तेल आणि मीठ त्यावर मांडलेलं, एक चौकट म्हणजे एक चमचा. डॉक्टर तो कागद बराच वेळ बघत राहिले आणि मग इतर पेशंटना दाखवायला त्याचा फोटो काढून घेतला. घरी येताना अप्पा रिक्षात छाती काढून बसले होते. मला वाटलं, आता तरी तुला फोन करतील. नाही केला.

आणि मग कालचा रविवार. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती धुळाप्पा अक्कलकोटहून जेवायला आले. आपल्याकडं पाहुण्याच्या चटणीत खळगा करून तेल ओतायची रीत. अप्पांनी चटणीशेजारी लिंबाची फोड ठेवली. आमटीवर तर तेलाचा टिपूससुद्धा नाही. धुळाप्पांनी वाटी हलवून बघितली. "सयाजी, आमटीच्या अंगात रगतच न्हाय की रे!" अप्पा म्हणाले, "रगत तुज्या अंगात असू दे. खाऊन बघ." धुळाप्पांनी चार भाकरी खाल्ल्या आणि आमटी तीनदा मागून घेतली. हात धुताना त्यांनी विचारलं, "पोरगी वैनीला न्हेणार म्हणं पुण्याला?" मी आतल्या खोलीत होते. मग अप्पांचा आवाज आला. "न्हेऊ दे. तितं डागदर जवळ, पोरगी जवळ. मी आपलं विचारत हुतो, सकाळच्या यष्टीनं डबा दिला तर दुपारपत्तुर पुण्याला पोचतो का रं? रोज?"

उत्कू, आता ऐक पत्र का लिहिलं ते. एप्रिलमधला तो फोन तू आपल्या मनानं केला नव्हतास, हे आजवर फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. अप्पा दळण आणायला गेले असताना मीच तुला रडून सांगितलं होतं, की यांना चहासुद्धा जमत नाही, इथं राहिले तर मी मरेन, मला घेऊन जा. आणि हे माझं नाव न घेता, तुझंच म्हणून सांग. तुझ्याकडून तसं वचन घेतलं. तू ते पाळलंस. चार महिने बापाचा अबोला सोसलास आणि मला एकदाही बोल लावला नाहीस. मी भित्री निघाले, तुझ्याआड लपले. काल ते यष्टीचं ऐकलं आणि माझा धीर सुटला. आज सकाळी ते भाकरी थापत असताना मी सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी ते हलले नाहीत. मला वाटलं, आता माझ्याशीही अबोला. मग त्यांनी गॅस बंद केला, माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तू खरंच बोलली हुतीस. तवा मला चा सुदीक येत न्हवता." आणि मग म्हणाले, "पण मग पोरीवर मी राग धरला, त्यो कशापायी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लगेच तुला फोन करायला निघाले, मीच अडवलं. मी तुला ओळखते. त्यांनी विचारलं असतं तर तू वचनाला जागून म्हणाली असतीस, की नाही अप्पा, आई उगाच स्वतःवर ओढून घेतेय, ते माझंच म्हणणं होतं. माझ्यासाठी आणखी एकदा खोटं बोलली असतीस. म्हणून आधी हे पत्र, माझ्या हातचं. त्या वचनातून मी तुला मोकळी करते, आणि तुझी माफी मागते. अप्पा आत्ताच पोस्टात टाकायला निघालेत, चप्पल घालून उभे आहेत. गुरुवारी संध्याकाळी सातला त्यांचा फोन येईल. उचल, आणि जे खरं आहे तेच सांग. रविवारी ये, पण मला न्यायला नाही. मी इथंच राहणार आहे. तुझ्या बापाला तुला जेवायला वाढायचंय.

तुझ्यापुढं ओशाळलेली, तरी तुझीच,
आई